मीठ, माती आणि मृत्तिकालेख : सुमेरच्या क्षारपड जमिनीविषयींच्या एका मताचें परीक्षण

प्राचीन इराकच्या दक्षिण भागांत, टायग्रिस व युफ्रेटिस या नद्यांच्या खालच्या खोऱ्यांत, सुमेरी लोकांनीं जीं नगरें वसविलीं व जी शेती उभी केली ती सारी मिठानें बुडाली, हें वाक्य गेलीं साठाहून अधिक वर्षें एका पुस्तकांतून दुसऱ्या पुस्तकांत उतरत आलें आहे. जगांत ठिकठिकाणीं शेतजमिनीचा कस कां गेला याची चर्चा करणारे ग्रंथकार बहुधा याच उदाहरणानें आरंभ करतात, आणि मूळ पुरावा कोठें आहे हें सांगण्याचे श्रम क्वचितच घेतात. त्या वाक्याचा माग काढीत गेल्यास आपण शेवटीं एका आठ पानांच्या निबंधापाशीं येऊन पोंचतों. थॉर्किल्ड जेकबसेन व रॉबर्ट ॲडम्स या दोघांनीं लिहिलेला, प्राचीन मेसोपोटेमियाच्या शेतींतील मीठ व गाळ यांविषयींचा हा निबंध 'सायन्स' नांवाच्या अमेरिकन साप्ताहिकांत नोव्हेंबर १९५८ मध्यें प्रसिद्ध झाला.

शेतकी खात्याच्या पत्रकांत शोभणारा हा विषय या त्रैमासिकांत कशाला, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, या मताचा बराचसा भार जुन्या हिशेबी कागदांवर आहे. कागद म्हणजे येथें मातीच्या विटा, बोरूनें कोरलेल्या व उन्हांत वाळविलेल्या. पण जमाखर्च तो जमाखर्चच. जुना जमाखर्च कसा वाचावा आणि कसा वाचूं नये, हा तर आमच्या मंडळींचा रोजचा व्यवसाय आहे. क्युनिफॉर्म लिपि आम्हांस येत नाहीं, हें आरंभींच कबूल करतों. तज्ज्ञांनीं केलेलीं वाचनें आम्ही जशींच्या तशीं घेतलीं असून, त्या वाचनांवरून काढलेलीं अनुमानें तेवढीं तपासणार आहों.

पूर्वपक्ष प्रथम नीट मांडला पाहिजे. तो विपर्यस्त करून मग खोडणें सोपें असतें, पण तें परीक्षण नव्हे. इराक सरकारच्या विकास-मंडळाच्या आश्रयानें १९५७–५८ सालीं दियाला नदीच्या खोऱ्यांतील जुन्या वस्त्यांची व पाटांची जी पाहणी झाली, तिच्यांतून हा निबंध निघाला. जेकबसेन हे सुमेरी भाषेचे जाडे पंडित. ॲडम्स हे खापरांचे तुकडे गोळा करीत मैलोगणती पायीं हिंडून मोडक्या वस्त्यांचे नकाशे काढणारे. दोघांचा संयोग उत्तम होता व निबंधांत त्याचें तेज दिसतें. ते म्हणतात कीं, या देशांत क्षाराचा प्रादुर्भाव तीन वेळां झाला. पहिला व सर्वांत दारुण दक्षिणेंत, इ.स.पू. २४०० पासून निदान १७०० पर्यंत. दुसरा सौम्य, मध्यभागांत, इ.स.पू. १३०० ते ९०० च्या दरम्यान, तिसरा इ.स. १२०० नंतर, बगदादच्या पूर्वेस नहरवान कालव्याच्या प्रदेशांत.

पहिल्या प्रादुर्भावाविषयीं त्यांचीं प्रमाणें मुख्यतः तीन आहेत. गहूं क्षार कमी सोसतो, जव अधिक सोसतो, आणि इ.स.पू. ३५०० च्या सुमारास दोन्ही धान्यें जवळजवळ सारखीं पिकत असतां, हजारांहून थोड्या अधिक वर्षांनीं गिर्सु नगरांत गहूं एकषष्ठांशावर आला, इ.स.पू. २१०० च्या सुमारास शेंकडा दोनांच्याहि खालीं गेला, व १७०० पर्यंत दक्षिणेंतून अजीबात नाहींसा झाला, हें एक. दर हेक्टरीं उत्पन्न गिर्सु येथें इ.स.पू. २४०० च्या सुमारास २५३७ लिटर होतें, तें २१०० च्या सुमारास १४६० झालें, व १७०० च्या सुमारास जवळच्या लार्सा येथें ८९७ वर उतरलें, हें दुसरें. मंदिरांच्या भूमापकांच्या लेखांत खारावलेल्या जमिनीच्या नोंदी आढळूं लागतात, हें तिसरें. याचें कारण म्हणून ते लगाश व उम्मा या दोन राज्यांमधील सीमेच्या जुन्या तंट्याकडे बोट दाखवितात. उम्माकर सीमेवरील पाटांचें पाणी तोडीत, म्हणून लगाशचा राजा एंतेमेना (हें नांव अलीकडे एन्मेतेना असें वाचतात) यानें टायग्रिसवरून नवा कालवा आणला. पुढें तो इतका वाढला कीं त्यासच टायग्रिस म्हणूं लागले. पाणी मुबलक झालें, शेतांना तें बेसुमार दिलें गेलें, जमिनीखालचें पाणी वर चढलें, आणि त्याबरोबर मीठहि वर आलें.

या शेवटच्या क्रियेविषयीं कोणाचा वाद नाहीं. नदीचें पाणी गोड लागलें तरी त्यांत थोडें मीठ असतेंच. उन्हानें पाणी उडून जातें, मीठ मागें राहतें. सोडियम चिकणमातीस चिकटतें आणि माती अशी घट्ट होते कीं तींतून पाणी झिरपत नाहीं. तळपाणी पृष्ठभागाच्या जवळ आलें म्हणजे दिव्याच्या वातींतून तेल चढावें तसें तें मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून वर चढतें व पांढरा थर टाकून उडून जातें. इराकी शेतकरी यावर एक जुना तोडगा करीत आला आहे : एक वर्ष पेरणी, एक वर्ष पड. पड जमिनींत शोक व अगूल नांवाचीं दोन रानटी झुडपें माजतात, त्यांचीं मुळें खोल जाऊन तळची ओल शोषून घेतात, व पुढच्या वर्षीं दिलेल्या पाण्याबरोबर वरचें मीठ खालीं जाण्यास जागा मिळते. अगूल म्हणजे आमच्या वैद्यकांतील यवास, लोकभाषेंतील जवासा, यांच्याच गणांतील कांटेरी झुडूप. पंचांगांत पावसाच्या नक्षत्रांचीं फळें वाचणाऱ्यांस या क्षुद्र झुडपाचें हें थोर कार्य ठाऊक नसावें. निबंधांतील हा भाग आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटला.

आतां आंकड्यांकडे वळूं. २५३७, १४६०, ८९७ : हे तीन आंकडे आतां मंत्रासारखे झाले आहेत. सातशें वर्षांत उत्पन्न एकतृतीयांशावर आलें असें ते सांगतात. परंतु सातशें वर्षांची रेषा तीन टिंबांवरून काढलेली आहे, व तिसरें टिंब दुसऱ्याच नगराचें आहे. मावळांतील एखाद्या गांवाचे दोन शतकांचे आंकडे घ्यावे, त्यांस इंदापूर परगण्यांतील गांवाचा तिसऱ्या शतकांतला आंकडा जोडावा, आणि त्यावरून महाराष्ट्राची जमीन किती खालावली तें सांगावें, असा हा प्रकार आहे. असें टिपण आमच्या मंडळाच्या बैठकींत कोणीं वाचलें असतें तर त्यास लागलींच प्रश्न झाला असता कीं, पहिल्या दोन दफ्तरांचा मालक कोण?

तो प्रश्न येथेंहि करावयास हवा. इ.स.पू. चोविसाव्या शतकांतील लगाशची जी माहिती मिळते ती बव्हंशीं सतरा-अठराशें विटांच्या एका दफ्तरांतून, आणि तें दफ्तर राणीच्या खाजगी कारभाराचें, बाउ देवीच्या नांवानें चालणाऱ्या वाड्याचें आहे. म्हणजे सर्व देशाची जमीन नव्हे, तर एका श्रीमंत देवस्थानाची, बहुधा निवडक, बैल-अवजारांची ददात नसलेली जमीन. चिंचवड संस्थानच्या इनामगांवांवरून सर्व पुणें प्रांताचें पीक ठरविण्याचें धाडस आम्ही तरी करणार नाहीं. शिवाय तेलोह (गिर्सुचें आजचें नांव) येथील विटा कशा फुटल्या हेंहि ध्यानांत ठेविलें पाहिजे. १८९४ सालीं तेथें मोठा सांठा सांपडल्यावर स्थानिक लोकांनीं हजारों विटा काढून दलालांस विकल्या. त्या आज पॅरिस, लंडन, इस्तंबूल, बर्लिन, सेंट पीटर्सबर्ग व इतर अनेक ठिकाणीं विखुरल्या आहेत. दफ्तर फुटून रद्दीच्या भावानें गेलें म्हणजे काय राहतें व काय जातें हें आमच्या संग्राहक वाचकांस सांगावयास नको. राहिलेल्या बंदांवरून काढलेली सरासरी ही राहिलेल्या बंदांचीच सरासरी असते.

मापांचा प्रश्न याहून अवघड. धान्य सिला नांवाच्या मापानें मोजीत. तें कोणी सुमारें ०.८४ लिटर धरतात, कोणी एक लिटर. ही शंका तीनहि आंकड्यांस सारखीच लागू पडत असल्यास प्रमाण बिघडत नाहीं. त्रैराशिक शिकविलेल्या माणसास हें सहज दिसतें, आणि एवढ्यावरून निबंधाची थट्टा करणारे टीकाकार चुकतात. पण वरचें माप गुर. जुन्या लगाशांत एक गुर १४४ सिलांचा होता. अक्कदी राजांच्या वेळेपासून ३०० सिलांचा गुर रूढ झाला. म्हणजे एकच शब्द, पण त्याचें मोल दुपटीहून अधिक. लेखकद्वयानें हे दोन गुर एक समजण्याची चूक केली असें आम्ही म्हणत नाहीं. जेकबसेनांसारख्याकडून ती होणेंहि अशक्य. आमचें म्हणणें इतकेंच कीं, ज्या काळांत मापांची अशी उलथापालथ झाली त्या काळाच्या दोन टोंकांची तुलना चार अंकी लिटरांत मांडली म्हणजे वाचकाच्या मनांत जी निश्चिति उत्पन्न होते ती मूळ विटेंत नसते. पायली, मण व बिघा हीं गांवोगांव कशीं बदलतात हें ज्यानें एकदां अनुभवलें तो २५३७ मधील शेवटच्या सातास हंसल्याशिवाय राहणार नाहीं.

मधल्या आंकड्याविषयीं आमची शंका अधिक गंभीर आहे. उरच्या तिसऱ्या राजवंशाच्या, म्हणजे इ.स.पू. एकविसाव्या शतकाच्या कागदांत, दर बुरास तीस गुर हें उत्पन्न वारंवार आढळतें. बुर म्हणजे अठरा इकु, इकु म्हणजे सुमारें ३६०० चौरस मीटर; तेव्हां बुर सुमारें ६.४८ हेक्टरांचा झाला. तीस गुरांचे नऊ हजार सिला. भागाकार केल्यास हेक्टरीं सुमारें १३८९ सिला येतात. निबंधांतील १४६० लिटरांच्या अगदीं शेजारची ही संख्या आहे. परंतु वारंवार येणारी गोल संख्या ही पुष्कळदां कारकुनाची अपेक्षा असते, खळ्यावरील रास नसते. आमच्याकडे तनखा, कमाल आणि वसूल हीं तीन निराळीं कलमें आहेत, व त्यांतलें एक दुसऱ्याच्या जागीं घालणाऱ्यास पेशवे दफ्तराचा नवशिका म्हणतात. उरच्या कारकुनांनीं वरून ठरवून दिलेली अपेक्षित आकारणी लिहिली असेल तर ती जमिनीपेक्षां सरकारच्या मनाची साक्ष अधिक देईल. या काळाचे प्रत्यक्ष मोजणीचे लेखहि आहेत, आणि जपानी पंडित काझुया माएकावा यांनीं १९७४ पासून गिर्सुच्या उत्पन्नाचा कसून अभ्यास करून उतरत्या पिकाच्या बाजूनेंच मत दिलें आहे. म्हणून उत्पन्न उतरलेंच नाहीं असें आमचें प्रतिपादन नाहीं. तें किती उतरलें, कोणत्या जमिनींत उतरलें, आणि मिठानेंच उतरलें काय, हे तीन प्रश्न त्या तीन आंकड्यांनीं सुटत नाहींत.

गव्हाच्या प्रमाणांत तर दोन निरनिराळ्या जातींचे पुरावे एका मालेंत ओंवले आहेत. इ.स.पू. ३५०० ची बरोबरी मडक्यांच्या मातींत उमटलेल्या दाण्यांच्या ठशांवरून मोजलेली. पुढचीं प्रमाणें लिखित जमाखर्चावरून. कुंभाराच्या अंगणांत कोणता दाणा सांडतो आणि मंदिराच्या कोठारांत कोणता जमा होतो, यांत संबंध असेल, पण तो गृहीत धरून चालणार नाहीं. शिवाय सुमेरी भाषेंत 'शे' हा शब्द जवाचा वाचक आहे तसाच सामान्य धान्याचाहि आहे. संस्कृतज्ञांस हें नवें नाहीं. ऋग्वेदांतील यव म्हणजे जवच कीं एकूण धान्य, यावर विद्वानांत मतभेद आहेत, आणि 'धान' हा शब्द कांहीं प्रांतांत भातापुरता संकोच पावला आहे. ज्यास 'गहूं' म्हटलें आहे तो देखील मुख्यतः खपली आहे, हें पुष्कळ उतारेकरी विसरतात. सातारा-सांगलीकडील वाचकांस खपलीची टरफलें काढण्याचा खटाटोप माहीत आहे. ज्या राज्यानें हजारों मजुरांस दरमहा धान्याचा शिधा वाटला, ज्याच्या लोकरीच्या मागांसाठीं मेंढ्यांचे कळप पाळले जात, व ज्याचे लोक जवाची बीर पीत, त्या राज्यानें मिठाचा खडाहि नसता तरी जवाकडे ओढ घेतली असती. क्षारामुळें जव वाढतो हें खरें. जव वाढला म्हणून क्षार वाढला हें त्यावरून निघत नाहीं. धुरावरून अग्नीचें अनुमान होतें, कारण अग्नीवांचून धूर होत नाहीं. जवास येथें दुसरीं कारणें आहेत, म्हणून व्याप्ति तुटते. आमच्या नैयायिकांनीं हा हेतु व्यभिचारी ठरवून एका ओळींत निकालांत काढला असता.

काव्याचा पुरावाहि पुढें केला जातो. अत्रहासिस नांवाच्या अक्कदी काव्यांत देवांच्या कोपानें शेतें पांढरीं पडल्याचें व मैदान मिठानें भरल्याचें वर्णन आहे. त्याच्या प्रसिद्ध विटा बाबिलोनच्या अम्मीसदुका राजाच्या कारकीर्दींत लिहिल्या गेल्या. पण त्या काव्यांत मनुष्यांचा गोंगाट असह्य होऊन देव पाऊस थांबवितात, रोग पाठवितात, दुष्काळ पाडतात, आणि शेवटीं प्रलय करतात. त्या यादींतून मीठ तेवढें उचलून त्याचा इतिहास करणें योग्य नव्हे. कवीनें पांढरें शेत पाहिलें होतें एवढें सिद्ध होतें. आपल्याकडे मनुस्मृतींत अपात्रीं दिलेल्या दानास इरिणांत, म्हणजे खारवट जमिनींत, पेरलेल्या बीजाची उपमा दिली आहे. तीवरून मनूच्या काळीं आर्यावर्त खारावला होता असें कोणी म्हणत नाहीं. हाच इरिण शब्द ऋग्वेदांतील जुगाऱ्याच्या सूक्तांत फांसे जेथें पडतात त्या जागेकरितां आला आहे. शब्द हा साक्षीदार खरा, पण त्याची उलटतपासणी घेतल्यावांचून निकाल देतां येत नाहीं.

नगरें ओस कां पडलीं? येथें काळाचा हिशेब मताच्या विरुद्ध जातो. क्षाराचें काम पिढ्यानुपिढ्या चालतें; वर्ष-दोन वर्षांत तें गांव रिकामें करीत नाहीं. उलट हम्मुराबीचा पुत्र समसुइलुना याच्या आठव्या-नवव्या वर्षीं दक्षिणेंत बंड झालें, आणि त्याच्या अकराव्या-बाराव्या वर्षाच्या सुमारास उर, उरुक, लार्सा येथील तारखेच्या विटा एकाएकीं थांबतात. निप्पूर व इसिन येथील कांहीं वर्षांनीं थांबतात. कागद असा तटकन् तुटतो तेव्हां आम्ही स्वारी, लूट किंवा पाण्याची वाट बदलणें यांचा शोध प्रथम घेऊं. त्याच वंशांतील अबि-एशुह यानें समुद्रदेशाच्या राजास पकडण्याकरितां टायग्रिस नदीसच बांध घातल्याची गोष्ट बखरींत नमूद आहे. जेथें राजे नद्या अडवून लढतात तेथें शेतें सुकण्यास मिठाची वाट पाहावी लागत नाहीं. लगाश-उम्माचा मूळ तंटा तरी कशाचा होता? पाण्याचाच.

येथवर आम्ही जें लिहिलें त्याचा कांहीं अंश मार्विन पॉवेल यांनीं १९८५ सालीं एका जर्मन नियतकालिकांत सविस्तर मांडला आहे. सुमेरी शेतींतील मीठ, बीं व उत्पन्न यांवरील त्यांचा तो लेख या वादांतील सर्वांत तिखट उत्तरपक्ष होय. त्यांनीं जेकबसेन यांचीं वाचनें व हिशेब पुन्हा तपासले, आणि क्षार एकसारखा वाढत जाऊन शेती खालावली हें मत टिकत नाहीं असें ठरविलें. पाणी भरून मीठ धुवून काढण्याची विद्या सुमेरी शेतकऱ्यास होती, हा त्यांच्या म्हणण्याचा एक आधार. शेतकऱ्यास उपदेश करणारा जो सुमेरी पाठ प्रसिद्ध आहे त्यांत नांगरणीपूर्वीं शेतांत पाणी सोडण्याची सूचना आहे हें खरें. पण तें पाणी मीठ धुण्यास होतें कीं भेगाळलेली माती मऊ करण्यास, हें पाठ सांगत नाहीं; पॉवेल येथें तीच चूक करतात जी त्यांनीं जेकबसेनांच्या पदरीं बांधली. धुतलेलें मीठ जाणार कोठें, हा प्रश्न राहतोच. दक्षिण इराक अत्यंत सपाट आहे. निचऱ्यास उतार नाहीं. खालीं ढकललेलें मीठ तळपाण्यांत साठतें व पुढें परत येतें. मिखाल आर्झी व डॅनियल हिलेल यांनीं १९८८ मध्यें मूळ मताचें मंडन केलें, आणि हिलेल हे मृत्तिकाशास्त्रज्ञ असल्यानें त्यांचा भर याच मुद्द्यावर असणें स्वाभाविक होतें. या मुद्द्यास पॉवेल यांच्याकडे पुरेसें उत्तर आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

तेव्हां आमचा निर्णय असा : दक्षिण इराकच्या जमिनीस मीठ लागलेलें होतें, व शेतकरी त्याशीं सतत झगडत होता, हें मान्य. तें सातशें वर्षें एका दिशेनें वाढत गेलें हें असिद्ध. त्यामुळें सुमेरची सत्ता गेली हें मूळ लेखकांनींहि जितक्या जपून म्हटलें तितकें त्यांच्या अनुयायांनीं म्हटलें नाहीं.

अनुयायांविषयीं आणखी एक तक्रार आहे. निबंधाच्या नांवांत मिठाबरोबर गाळहि आहे, आणि उत्तरार्ध गाळाविषयींच आहे. तो वाचल्याची खूण उताऱ्यांत क्वचित् दिसते. नहरवान कालव्याची कथा तेथें आहे, व ॲडम्स यांनीं १९६५ च्या आपल्या ग्रंथांत ती विस्तारानें सांगितली. सासानी राजांनीं, विशेषतः पहिला खुस्रू (५३१–५७९) याच्या काळांत, दियालाच्या खालचें सर्व खोरें एका प्रचंड कालव्याच्या पाण्याखालीं आणलें. इतका मोठा कालवा गांवकऱ्यांच्या हातांत राहत नाहीं. त्यास भक्कम सरकार, रोकड व हजारों बिगारी लागतात. गाळ दरसाल साठतोच. सरकार बळकट आहे तोंवर तो उपसला जातो. खिलाफत ढांसळली, ९३७ सालीं इब्न राइक या सरदारानें शत्रूस अडविण्याकरितां नहरवानाचा बांधच फोडला, आणि दुरुस्तीस ना पैसा उरला ना माणूस. शेतें पडलीं, मग त्यांवर मीठ चढलें. हुलागूच्या मोंगलांनीं १२५८ मध्यें बगदाद लुटलें त्याच्या फार पूर्वीं हा प्रदेश बहुतेक निर्जन झाला होता, हें ॲडम्स यांनीं वस्त्यांच्या मोजणीनें दाखविलें. दोन्ही लेखकांच्या कार्यांत आम्ही याच भागास सर्वांत पक्का समजतों. येथें आंकडे कमी असून जमीन चालून पाहिलेली आहे.

एकाच कारणाचा सांचा सर्व देशांवर बसविण्याची हौस मात्र सोडली पाहिजे. पश्चिम ऑस्ट्रेलियांत कालव्याचा थेंब नसतां जमिनी खारावल्या; तेथें खोल मुळांचीं निलगिरीचीं रानें तोडून गहूं पेरला, पावसाचें पाणी शोषणारें कोणी उरलें नाहीं, आणि युगानुयुगें तळाशीं साठलेलें मीठ वर आलें. वुड नांवाच्या रेल्वेच्या अभियंत्यानें १९२४ सालींच हा संबंध लिहून ठेविला होता. शोक-अगूल इराकांत जें करतात तेंच तेथें रान करीत होतें. अमेरिकेच्या मैदानांत १९३० नंतरच्या दशकांत माती वाऱ्यानें उडाली. मिठाचा तेथें संबंध नाहीं, गवताचें कातडें नांगरानें सोललें व पाऊस रुसला. कारण दर ठिकाणीं निराळें शोधावें लागतें.

आपल्याकडेहि तेंच. निरा नदीचा डावा कालवा १८८५ सालीं सुरू झाला. बारामतीकडे बागाईत वाढली, उसास पाणी अमर्याद दिलें गेलें, आणि कांहीं वर्षांतच खोल काळ्या रानांत चोपण दिसूं लागलें. हॅरोल्ड मॅन व तम्हाणे यांनीं निरेच्या खोऱ्यांतील खारवट जमिनींविषयीं १९१० सालीं मुंबई सरकारच्या शेतकी खात्यामार्फत स्वतंत्र पत्रक प्रसिद्ध केलें. पुढें कृष्णाकाठीं शिरोळ-मिरजेकडेहि उसाच्या मागोमाग हेंच दुखणें गेलें. येथें कारण उघड आहे असें सर्व म्हणतात, आम्हीहि म्हणतों. तरीपण सुमेरविषयीं जी कसोटी आम्ही लावली ती घरींहि लावली पाहिजे. कालव्यापूर्वीं त्या खोऱ्यांत चोपण, खारवट किंवा चिबड म्हणून नोंदलेलीं शेतें होतीं काय? असल्यास किती, आणि ओढ्याच्या बुडाशीं कीं माळाच्या कडेस? हें रसायनशास्त्रज्ञ सांगूं शकणार नाहीं. जुने जमीनझाडे, थळझाडे, इनामांच्या चतुःसीमा व वांटणीपत्रें सांगतील. 'पड' या शब्दापाशीं मात्र जपावें : पड शेत खराब असतेंच असें नाहीं, कित्येकदां कुणबी परागंदा झालेला असतो.

इंदापूर, बारामती, पुरंदर व फलटण येथील देशमुख-देशपांडे, पाटील व कुळकर्णी घराण्यांतील जे संग्राहक आमचे वाचक आहेत त्यांस विनंति आहे कीं, शके १८०७ पूर्वींच्या कागदांत शेताच्या नांवाशीं खार, चोपण, चिबड किंवा तत्सम शब्द जोडलेला आढळल्यास त्या कागदाची अक्षरशः नक्कल, गांव, थळ व मिति यांसह, मंडळाकडे पाठवावी. एका गांवाचा एक कागद आला तरी चालेल. त्यावरून सरासरी काढण्यांत येणार नाहीं.